विसर्जन झाल्यावर सांगू

माझी आई एका गुरुवारी दुपारी पुण्यात गेली. मला ते पुढच्या गुरुवारी सकाळी, जपानात, तोयोसुतल्या आमच्या स्वयंपाकघरात सांगण्यात आलं. मधला आठवडाभर मी मुलांबरोबर दुधाच्या खोक्यांचं रेल्वे स्टेशन बांधत होते आणि हसत होते.

स्टेशन म्हणजे आमच्या गणपतीचं मखर. सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून सासरचा पाच दिवसांचा गणपती माझ्या नवऱ्याकडे, विनयकडे आला होता, आणि विनय जपानात, म्हणून गणपतीही जपानात. वीतभर उंचीची शाडूची मूर्ती आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीवरून परतताना मांडीवर घेऊन आणली होती. मखर मात्र इथेच करायचं होतं. पाच वर्षांच्या जुईने ठरवून टाकलं, की बाप्पा विमानाने येणार, मग विमानतळावरून गाडीने घरी येणार, तेव्हा त्याला स्टेशनच हवं. आमच्या गॅलरीतून चालकाशिवाय धावणारी गाडी दिसायची. तिचंच स्टेशन.

"पण ती गाडी चालवतं कोण?" ऋषीने विचारलं. तो तीन वर्षांचा होता.

"कोणीच नाही. कॉम्प्युटर," जुई म्हणाली. "बाबाचं ऑफिस चालवतं."

विनय एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा. गाडीशी त्याचा संबंध तिकीट काढण्यापुरता. पण तो काही बोलला नाही. मुलांना बरं वाटतंय तर वाटू द्यावं, असं त्याचं एकंदर धोरण होतं.

इथे दुधाची रिकामी खोकी कुणी टाकून देत नाही. धुवायची, कापून सपाट करायची, वाळवायची आणि सुपरमार्केटच्या दारातल्या पेटीत नेऊन टाकायची. मी जुईच्या बालवाडीतल्या आयांना सांगितलं, की कापू नका, तशीच द्या. त्यांनी एवढी खोकी दिली, की आंघोळीचा टब भरला आणि दोन दिवस आम्हाला शेजारच्या इमारतीत विभाकडे आंघोळीला जावं लागलं. विभाचा नवरा विनयच्याच ऑफिसात होता. "तुमच्या बाप्पापायी माझं गरम पाणी संपतंय," ती म्हणायची आणि मुलांना टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्याकडे फेकायची.

खोकी चिकटेनात. आईने फोनवर सांगितलं, कणकेची खळ कर. तीस वर्षं तिने शाळेत हस्तकला शिकवली होती. खळ म्हणजे खळ, तिच्यापुढे फेव्हिकॉलचीही मात्रा चालायची नाही. मी पातेलंभर खळ शिजवली. तासाभराने फलाटाचे खांब एकेक करून झोपले.

"अगं, आतून-बाहेरून मेण असतं त्याला," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. तो बुधवार होता. "आधी काचकागदाने घास. आणि पोरांना घासायला लाव, तू नको. हात दुखले की गप्प बसतात."

"आई, तू शाळेत हेच करायचीस ना?"

"तीस वर्षं. ठेवते आता, भाजीवाला आलाय."

हे आमचं शेवटचं बोलणं. त्यात काही भर घालावी असं मला वाटत नाही.

शुक्रवारी फोन केला तो माझ्या धाकट्या भावाने, श्रीहरीने उचलला. आई आणि तो एकाच घरात राहायचे. तो म्हणाला, "ताई, तिचा घसा बसलाय. डॉक्टरांनी आठ दिवस बोलायला मनाई केलीय."

"आईला बोलायला मनाई?" मी म्हणाले. "डॉक्टर शूर दिसतात."

श्रीहरी हसला. आदल्या संध्याकाळी त्याने आईला अग्नी दिला होता. आणि तो हसला.

शनिवारी बाप्पा आले. स्टेशन उभं होतं. सोळा खांब, टोफूच्या डब्यांचे तिकीट-दरवाजे, बाटल्यांच्या झाकणांचे दिवे, फलाटावर पाटाऐवजी उलटा ठेवलेला डबा आणि त्यावर मूर्ती. उंदीर तिकीट-दरवाज्यात अडकला होता, कारण त्याचं तिकीट लहान मुलाचं होतं की मोठ्या माणसाचं यावर जुई आणि ऋषीचं एकमत होत नव्हतं. संध्याकाळी आरतीला घरात चाळीस माणसं होती. चपला जिन्यापर्यंत गेल्या होत्या. विनयचे साहेब मोरिता-सान सपत्नीक आले. त्यांनी मूर्तीला वाकून नमस्कार केला, मग आणखी खाली वाकून स्टेशन निरखलं आणि गंभीरपणे म्हणाले, की फलाटाच्या कडेला सरकते दरवाजे करायला हवे होते, त्या मार्गावर असतात. जुईने तिथल्या तिथे त्यांना कात्री आणि एक खोकं आणून दिलं. साहेब मांडी घालून दरवाजे कापत बसले. आम्ही सगळे इतके हसलो, की आरती दहा मिनिटं उशिरा सुरू झाली.

विभाने आल्या आल्या मला मिठी मारली. जरा जास्तच वेळ. मी म्हटलं, अगं सोड, मोदक उतरवायचेत.

रोज संध्याकाळी जुई हट्ट धरायची, की आजीला स्टेशनबद्दल सांगायचंय. मी म्हणायचे, आजीचा घसा बसलाय. ती म्हणायची, मग तिने बोलू नये, मी बोलते. तिचं म्हणणं बिनतोड होतं. सोमवारी मी नैवेद्याच्या गडबडीत होते, तेव्हा विनयने तिला फोन लावून दिला. खोलीतून तिचा आवाज येत होता. अर्धं मराठी, अर्धं जपानी, सगळ्या खांबांची हकीकत. "आजी खूश झाली," बाहेर येऊन ती म्हणाली. मला बरं वाटलं. मी विनयकडे बघून हसलेसुद्धा.

बुधवारी बादलीत विसर्जन झालं.

गुरुवारी विनय ऑफिसला गेला नाही. मुलं बालवाडीत गेल्यावर त्याने स्वतः चहा केला. कप माझ्यासमोर ठेवला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "रुचा, एक सांगायचंय. आधी बस."

"बसलेय."

"आई गेल्या."

"कुणाच्या?" मी विचारलं. खरंच विचारलं. त्याच्या आईला तो नुसतं आई म्हणतो, एकेरी. माझ्या आईला अहो-जाहो, म्हणजे मला कळायला हवं होतं.

"तुझ्या. हार्ट अटॅक. अगदी झोपेत. काही त्रास झाला नाही."

"केव्हा?"

"गुरुवारी."

"आज गुरुवार आहे."

"मागच्या."

मला रडू आलं नाही. मी मनातल्या मनात मागे जात होते. बुधवार, बादली. मंगळवार, पुरणपोळ्या. सोमवार. रविवार, बालवाडीतल्या आया मुलांना घेऊन स्टेशन बघायला आल्या आणि ऋषीने उंदराचं शेपूट खाल्लं. शनिवार, मोरिता-सान. शुक्रवार, डॉक्टर शूर दिसतात. गुरुवारी दुपारी, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी, मी टोफूचे डबे धूत होते.

"तुला कधी कळलं?"

"श्रीहरीने त्याच दिवशी ऑफिसात फोन केला होता. आम्ही बोललो. आईशीही बोललो, माझ्या. सगळ्यांचं एकच मत पडलं." तो हे मीटिंगमधल्यासारखं सांगत होता. "बघ, दोन दिवसांवर गणपती. तुला कळलं असतं तर सुतक लागलं असतं. आपला गणपती कधी मोडलेला नाही, बाबांच्या आजोबांपासून. आणि न कळलेलं सुतक लागत नाही. गुरुजींना विचारलंय मी."

"कुठल्या गुरुजींना?"

"डोंबिवलीच्या. फोनवर."

लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीन दिवसांचं. हे मलाही माहीत आहे, मी काही परग्रहावरून आलेली नाही. तीन दिवस मी वेगळी बसले असते, विनयने पूजा केली असती, विभाने मोदक केले असते. नाहीतर मूर्ती एक वर्ष कपाटात राहिली असती. यातलं काहीही चाललं असतं. देवाची त्याबद्दल काही तक्रार असेल असं मला वाटत नाही.

"चाळीस माणसं बोलावलेली होती, म्हणून," मी म्हणाले.

"तसं नाही गं."

"मोरिता-सान येणार होते, म्हणून."

"रुचा, तू फार टोकाला जातेस." त्याने माझ्या हातावर हात ठेवला. हात काढता यावा म्हणून मी कप उचलला. चहा गार झाला होता. "आणि तू तिथे जाऊन काय करणार होतीस? त्या तर गेल्याच होत्या."

"बघणार होते."

तो उठला, ड्रॉवर उघडला आणि तिकीट टेबलावर ठेवलं. "उद्या सकाळचं विमान आहे. शनिवारी दहावं. तुला दहावं मिळतंय." पुढची जोडगाडी मिळतेय म्हणावं, तसं.

"हे कधी काढलंस?"

"सोमवारी. आणखी उशीर केला असता तर सीट मिळाली नसती."

सोमवारी मी नैवेद्याला खीर केली होती. त्याने दोन वाट्या खाल्ल्या होत्या.

मी श्रीहरीला फोन लावला. तो पहिल्या रिंगला रडायलाच लागला. माझा भाऊ लहानपणापासून असा आहे. त्याने काही फोडलं की तोच आधी रडायचा आणि समजूत आपण काढायची. मी काढली नाही.

"थांबवता आलं नसतं का रे एक दिवस?" मी विचारलं.

"आलं असतं," तो म्हणाला. "शीतपेटी मिळत होती. पण ताई, तुझ्यासाठीच केलं सगळं. मुलं लहान, तू परक्या देशात, आणि तुझ्या घरचा देव... आईनेच म्हटलं असतं, रुचाला सांगू नका, तिचा गणपती होऊ दे."

"आईने?"

"म्हणजे... तिचा स्वभाव नाही का."

"श्रीहरी, आईचे वडील गेले तेव्हा तिला कधी सांगितलं होतं?"

त्याला माहीत होतं. आम्हा दोघांनाही आईनेच सांगितलेलं. आत्याच्या लग्नाच्या आधी तार आली होती, आणि आजीने, बाबांच्या आईने, ती पदरात ठेवून घेतली. वऱ्हाड निघून गेल्यावर आईला सांगितलं. चार दिवस तिच्याकडून रुखवत करून घेतलं, तिच्या हाताला गुण म्हणून. आई सहसा कुणाबद्दल वाईट बोलायची नाही. एवढी एक गोष्ट मात्र ती सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज अगदी सपाट व्हायचा. "मला त्यांनी नटवलं होतं," ती म्हणायची. "बाप मेला होता आणि मी नटले होते."

"तुला हे ठाऊक होतं," मी म्हणाले. "सगळ्या जगात तुला आणि मलाच ठाऊक होतं. आणि तू तिच्या तोंडी हे वाक्य घालतोस."

"ताई, विनयराव म्हणाले..."

मी फोन ठेवला.

विभा दाराशीच होती. बहुधा विनयने बोलावलं असावं. तिच्या हातात डबा होता, वरणभाताचा. तिचे डोळे सुजले होते.

"तुलाही माहीत होतं," मी म्हणाले.

"शनिवारी सकाळी कळलं. यांच्याकडून. मी म्हटलं यांना, सांगायला हवं. पण नवरा-बायकोच्या मधे मी कोण?"

"मोदक खाल्लेस ना?"

"रुचा!"

"किती खाल्लेस?"

ती रडायला लागली. आज सगळे माझ्यासमोर रडत होते. मी डबा घेतला, आभार मानले आणि दार लावलं. मैत्रिणीशी असं वागू नये, हे मला कळतं. त्या दिवशी ते मला नुसतं कळत होतं.

दुपारी मुलांना आणायला निघायच्या वेळी विनय मधे आला.

"मुलांना आत्ता काही बोलू नकोस."

मी सायकलची किल्ली शोधत होते.

"आजीला बरं नाही, म्हणून आई चाललीय, एवढं पुरे. दोन आठवड्यांनी जुईचा उंदोकाई आहे, ती केवढी तयारी करतेय. तो होऊ दे. मग सुट्टीत नीट सांगू."

उंदोकाई म्हणजे बालवाडीचा क्रीडादिन. धावणं, रस्सीखेच, झेंडे. मुलं महिनाभर त्याचीच तालीम करत होती.

"मग दिवाळी," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मग ऋषीचा वाढदिवस. मग नाताळचं नाटक. सांगण्याजोगा दिवस तुला कधी सापडायचा?"

"माझी मुलं आहेत ती. मी त्यांना रडवणार नाही."

"तुझ्या मुलांना पुढे कधीतरी कळेल, की आजी मेली तेव्हा त्यांना नाचवलं होतं. मी ते होऊ देणार नाही. तू थांब किंवा बाहेर जा."

तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती होती, आणि मला त्याची दया आली नाही. तो वाईट माणूस नाही. हे मी लिहिलं पाहिजे, म्हणून लिहिते. वाईट माणसावर चिडणं सोपं गेलं असतं.

सायकलवर पुढे ऋषी, मागे जुई. रस्ताभर दोघं गात होती. शुक्रवारी कागदाचा कचरा, म्हणून आज स्टेशन उतरवायचं ठरलेलं होतं. घरी आल्यावर हातपाय धुऊन आम्ही तिघं फरशीवर बसलो. खोकी एका बाजूला, टोफूचे डबे प्लास्टिकमध्ये, झाकणं वेगळी. वर्गवारी जुई करत होती. या बाबतीत ती आमच्या इमारतीच्या व्यवस्थापकापेक्षा कडक. मोरिता-सानांचे दरवाजे तिने बाजूला काढून ठेवले होते, ते कचरा नाहीत म्हणाली. विनय सोफ्यावर बसला होता. टीव्ही बंद होता.

मी कात्री खाली ठेवली. "जुई, ऋषी, इकडे बघा. आपली पुण्याची आजी मेली."

मी गेली म्हणाले नाही. गेली म्हटलं की ऋषी विचारतो, कुठे.

ऋषीने खांब तोंडातून काढला. जुई माझ्याकडे बघत राहिली.

"मेली म्हणजे, आमच्या सशासारखी?" बालवाडीतला ससा उन्हाळ्यात मेला होता. मुलांनी त्याला बागेत पुरला होता.

"हो. तशी."

"परत येणार नाही?"

"नाही."

"फोनवर पण नाही?"

"फोनवर पण नाही."

ती विचार करत होती. तिला विचार करताना ओठ चावायची सवय आहे. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, पण ती सरकली. तिला आधी काहीतरी नीट लावायचं होतं.

"कधी मेली? काल, बाप्पा गेल्यावर?"

"बाप्पा यायच्या आधी."

"खोटं," जुई म्हणाली. "मी बोलले तिच्याशी. बाप्पा होता तेव्हा. तिने ऐकलं सगळं. ती हं म्हणाली."

मी विनयकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"विनय. सोमवारी फोनवर कोण होतं?"

"ती ऐकतच नव्हती, रुचा. सारखी आजी, आजी. मी काय करणार होतो?"

"कोण होतं?"

"अरुणा." श्रीहरीची बायको. "मीच म्हटलं तिला, नुसतं हं हं म्हण. ती नको म्हणत होती."

जुईला सगळं कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण आपण आजीला सांगितलेले खांब आजीपर्यंत पोचले नाहीत, एवढं तिला कळलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग तो चेहरा मला ओळखू आला. रडण्याच्या आधी माझ्या आईचा व्हायचा तसा नव्हे. आई चिडली की व्हायचा तसा.

"उसोत्सुकी," ती बापाला म्हणाली. खोटारडा. बालवाडीत हा शब्द कुणाला म्हटला तर बाईंसमोर माफी मागावी लागते. मी तिला माफी मागायला सांगितलं नाही.

"जुई, बाळा..." विनय म्हणाला.

"मामीला फोन लाव."

"आत्ता नको, मामी कामात..."

"लाव," मी म्हणाले.

त्याने लावला. एरवी या घरात मुलांचा हट्ट तोच पुरवतो. स्पीकर चालू केला नव्हता, पण फोन आमचा जुना, आवाज बाहेर यायचा. अरुणाने हॅलो म्हटलेलं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"मामी, मी जुई. तू आजी नाहीस."

जुईने फोन दोन्ही हातांनी धरला.

"मी तुला सोळा खांब सांगितले. तू हं म्हणालीस. ते तुझ्यासाठी नव्हते."

मग अरुणाचा आवाज आला, बारीक, तुटक. काय म्हणाली ते कळलं नाही. नंतर नुसतं रडणं. जुईने थोडा वेळ ऐकलं. ती घाबरली नाही. तिने फोन कानापासून लांब धरला, माझ्याकडे बघितलं, आणि मी हात पुढे करायच्या आत तो विनयच्या मांडीवर ठेवला.

"मामी रडतेय. तू बोल. तू सांगितलंस ना तिला."

विनयने फोन उचलला. उठला आणि गॅलरीच्या दाराकडे निघाला, मुलांपासून लांब.

"बाहेर नाही," मी म्हणाले. "इथे बोल. आम्हाला सगळ्यांना ऐकायचंय."

तो दारापाशी उभा राहिला. ऋषी खोकी ओलांडत माझ्या मांडीवर येऊन बसला आणि त्याने अंगठा तोंडात घातला. जुई बसली नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून ती उभी होती, आणि बापाच्या तोंडाकडे बघत होती.

विनय परत आला, आमच्यासमोर फरशीवर बसला आणि फोन कानाला लावला.

"अरुणा," तो म्हणाला, "तुझी चूक नाही. मी सांगितलं होतं." मग त्याने वर पाहिलं. जुई तशीच उभी होती. "मुलांसमोर बोलतोय. हो. त्यांना सगळं कळलंय. मी खोटं बोललो होतो."